अवतरणचिन्हात टाकूनही वाक्य सापडत नाही. गूगल बिघडलंय का?

पाचोरेकर

राम राम मंडळी.

एक जुना लेख शोधतोय. विषय आपली पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: "शेंदुर्णीला गाडी थांबली की ड्रायव्हरसुद्धा चहाला उतरायचा." लेखकाचं नाव आठवत नाही, कुठे वाचलं तेही नाही. गाडी लॉकडाऊनपासून बंद आहे, आणि आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका निघतेय. त्यात तो लेख हवाच, असा बाकीच्यांचा आग्रह, आणि शोधायचं काम माझ्या गळ्यात.

अख्खं वाक्य अवतरणचिन्हात टाकून गूगल केलं. आलं काय? शेंदुर्णीचं हवामान, रेल्वे भरती आणि "ड्रायव्हर पाहिजे"च्या जाहिराती. पूर्वी अवतरणात टाकलं की नेमकं तेच यायचं. आता ती चिन्हं नुसती शोभेला राहिलीत, असं माझं मत झालंय. कोणाचा वेगळा अनुभव असेल तर सांगा.

तापीकाठची

पाचोरेकर भाऊ, निकालांच्या वर एक ओळ येते ती वाचली का? तुमच्या अवतरणातल्या मजकुराला काहीच सापडलं नाही, म्हणून खाली अवतरणाशिवायचे निकाल दिलेत, असं तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे गूगलनं "नाही" असं सांगितलेलं आहे. ते हवामान आणि भरती त्या "नाही"नंतरचं आहे.

भरीतपार्टी

शेंदुर्णीचा चहा सोडा, पहूरची भजी कोणाला आठवतात?

पाचोरेकर

@तापीकाठची, ओळ बघितली ताई, आहे खरी. पण मुद्दा तोच. लेख मी स्वतः वाचलाय, मग "नाही" कसं म्हणतं?

@भरीतपार्टी, विषयावर या.

जळगावकर हिंजवडीत

थोडं आतलं सांगतो, कामच ते आहे.

शोधयंत्र आपण विचारल्यावर इंटरनेट चाळायला बसत नाही. पानं आधीच वाचून ठेवलेली असतात आणि प्रत्येक शब्दापुढे यादी केलेली असते: हा शब्द अमुक पानावर, अमुक जागी. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसंच, फक्त पानाबरोबर शब्दाची जागाही टिपलेली. "गाडी थांबली की" अवतरणात टाकलं की तिन्ही शब्दांच्या याद्या काढायच्या आणि "गाडी" १७व्या जागी, "थांबली" १८व्या, "की" १९व्या अशी पानं तेवढी ठेवायची. अवतरण काढलं की जागेची सक्ती जाते. मग समानार्थी शब्द, शुद्धलेखनाची दुरुस्ती, "तुम्हाला बहुधा हे म्हणायचंय" सगळं सुरू होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. जे पान यादीतच नाही ते अवतरणानं सापडणार नाही, डोकं आपटलं तरी. आणि पानावर एक शब्द जरी वेगळा लिहिलेला असेल तरी साखळी तुटते.

"पूर्वी बरं होतं" याला थोडा आधार आहे. आधी शब्दापुढे अधिकचं चिन्ह लावलं की तो शब्द हवाच, असं सांगता यायचं. २०११ साली गूगल प्लस (गूगलचं फेसबुकसारखं समाजमाध्यम) आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलनं ते चिन्ह काढून घेतलं. शब्दाची सक्ती करायची तर अवतरण वापरा म्हणाले. लोकांनी आरडाओरड केल्यावर नोव्हेंबरमध्ये व्हर्बेटिम आलं. संगणकावर "टूल्स"मध्ये "ऑल रिझल्ट्स"वर दाबा, तिथे दिसेल. त्यात गूगल स्वतःची अक्कल चालवत नाही. बरेच जण वर्षानुवर्षं गूगल वापरतात आणि तिथे एकदाही गेलेले नसतात.

पहिली धार

वाचनखूण साठवली. व्हर्बेटिम खरंच माहीत नव्हतं.

पाचोरेकर

@जळगावकर, छान समजावलंत. पण इंग्रजीतलं वाक्य टाकलं की पटकन सापडतं. मराठीतच घोडं का पेंड खातं?

अमळनेरची बाई

याचं उत्तर मी देते. मी कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी प्रकल्पांचे गठ्ठे तपासते, त्यामुळे अवतरणचिन्ह हे माझं रोजचं हत्यार आहे.

भाऊ, तुमचंच वाक्य घ्या. "ड्रायव्हरसुद्धा" तुम्ही जोडून लिहिलंत. निम्मा महाराष्ट्र "ड्रायव्हर सुद्धा" असं सुटं लिहितो. यंत्राच्या लेखी एकाचे दोन शब्द झाले, साखळी तुटली. "शेंदुर्णी" की "शेंदूर्णी"? दोन्ही चालतात. "चहाला" की "चहा प्यायला"? इंग्रजीत नावाला विभक्ती चिकटत नाही. आपल्याकडे शेंदुर्णी, शेंदुर्णीला, शेंदुर्णीच्या, शेंदुर्णीहून अशी गावाची रूपं होतात, आणि अवतरणात टाकलेलं रूप तेवढंच जुळतं.

म्हणून अख्खं वाक्य कधी टाकू नये. तीन-चार शब्दांचा तुकडा घ्यावा, ज्यात लिहिण्याचे दोन प्रकार होऊ शकत नाहीत आणि जो इतरत्र सहसा येणार नाही. "गाडी थांबली की" निरुपयोगी, हजार ठिकाणी असेल. "चहाला उतरायचा" बरा. ज्या शब्दाची खात्री नाही तिथे तारांकन टाका: "थांबली की * चहाला उतरायचा". तारांकनाच्या जागी एक-दोन शब्द काहीही चालतात. आणि "शेंदुर्णी" अवतरणाच्या बाहेर, मोकळं ठेवा.

प्रकल्पांचं सांगायचं तर मुलं पहिला परिच्छेद बदलतात, शेवटचा बदलतात, मधला कोणी बदलत नाही. मी पाचव्या-सहाव्या पानावरचं एखादं विचित्र वाक्य उचलते. यंदा सातपुड्यातल्या वनस्पतींवरच्या एका प्रकल्पात बेहड्याची माहिती चालू असताना मध्येच स्वतंत्र ओळ होती: "हेही वाचा: केसगळतीवर पाच घरगुती उपाय". त्याला अवतरणाचीसुद्धा गरज लागली नाही.

भरीतपार्टी

बाई, त्या मुलाला पास करा. निदान प्रामाणिकपणे कॉपी केली.

अमळनेरची बाई

केला. तोंडी परीक्षेत विचारलं, "बेहडा कधी पाहिलास का?" तर म्हणाला, "आमच्या वावराच्या बांधावर आहे." मग हेच का नाही लिहिलंस रे बाबा!

छापखाना धुळे

मुद्दा सगळे फिरवून सांगताहेत, मूळ रोग फॉन्टचा आहे.

मी डीटीपीच्या धंद्यात म्हातारा झालो. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकसारखी सांकेतिक पद्धत, रुळायच्या आधीचा मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांत आहे. पडद्यावर "पाचोरा" दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्टनं त्यांना मराठीचा मुखवटा घातलेला असतो. त्या पानावर तुम्ही युनिकोडमध्ये "पाचोरा" कितीही शोधा, जुळणार कसं? ई-पेपरचं आणखी वाईट, ते नुसतं चित्र. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. अगम्य चिन्हं उमटली तर समजा जुना फॉन्ट, काहीच उमटलं नाही तर चित्र.

युनिकोडमध्येही सगळं आलबेल नाही. "पाचोऱ्याला" यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, त्याला हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा वर्ण. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला वेगळे. शोधयंत्र दर वेळी त्यांना एकच धरेल याची हमी नाही. म्हणून शोधताना ऱ्या, ऱ्ह असलेला शब्द टाळलेला बरा.

जळगावकर हिंजवडीत

@छापखाना, फॉन्टचं शंभर टक्के मान्य. पण पाचोरेकरांनी लेख बहुतेक अलीकडेच वाचलाय आणि तोही मोबाइलवर. आजकाल श्रीलिपीत कोण पोस्ट करतं?

छापखाना धुळे

आमच्याकडे अजून लग्नपत्रिका श्रीलिपीतच होतात. तुमचं हिंजवडी वेगळं.

रावेरचा केळीवाला

मी शेतकरी माणूस, पण अवतरणचिन्हाचा फायदा मलाही झालाय. व्हॉट्सअपवर तो मेसेज आला होता ना, सोमालियातून आलेल्या ५०० टन केळ्यांत हेलिकोबॅक्टर नावाचा किडा आहे, खाऊ नका. इकडे माल कापणीला आलेला आणि आमच्याच गावचे लोक हे पुढे ढकलत होते. डोकं फिरलं.

मराठी मेसेजमधलं वाक्य अवतरणात टाकलं तर काही नीट मिळेना. प्रत्येक जण थोडं बदलून पाठवतो. पुतण्या म्हणाला, काका, हे मुळात इंग्रजीतून आलंय, इंग्रजीत टाका. "५०० टन केळी" आणि "सोमालिया" इंग्रजीत टाकल्यावर ढीगभर पानं निघाली. तोच मेसेज दुसऱ्या देशांतही फिरून गेला होता आणि खोटा म्हणून जाहीर झाला होता. शिवाय हेलिकोबॅक्टर हा किडा नाहीच, जीवाणू आहे, तो माणसाच्या जठरात सापडतो. दुवा गावाच्या गटावर टाकला. दोन जणांनी अंगठा दाखवला, बाकीचे शुभ सकाळचं फूल पाठवत राहिले.

तापीकाठची

@रावेरचा केळीवाला, त्यात एक भर घाला दादा. असा मेसेज किती जुना आहे ते बघायचं तर वाक्याच्या पुढे इंग्रजीत बिफोर लिहून लगेच कोलन आणि वर्ष टाका, मध्ये जागा सोडायची नाही. त्या तारखेच्या आधीची पानं येतात. आफ्टरही तसंच. हे २०१९पासून चालतं. तारखा शंभर टक्के बरोबर असतात असं नाही, पण अंदाज येतो.

वाघूर

जळगावबद्दल काहीही शोधलं की बुलढाण्याचं जळगाव जामोद मध्ये येतं. वजाचं चिन्ह आणि लगेच जामोद लिहा, जागा न सोडता. निम्मा कचरा जातो.

जामोदचा मी

कचरा?

वाघूर

माफी असावी. निकालांतला म्हणायचं होतं.

बखरवाला

जुन्या मजकुराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात बसून कागद चाळण्याची माझी सवय, इंटरनेटवर नंतर आलो. तिथे अवतरण वापरायचं तर आधी काळ बदलावा लागतो.

आजचं शुद्धलेखन १९६२च्या नियमांचं. त्याआधीच्या पुस्तकांत "कांहीं", "नांव", "केलें", "घरांत" असे अनुस्वार सापडतात. "त्यांनी काही केले नाही" हे आजच्या रूपात टाकलंत तर १९३०च्या पुस्तकातलं तेच वाक्य येणार नाही. तिथे "त्यांनीं कांहीं केलें नाहीं" असं आहे. गावांचंही तेच. मुक्ताईनगर शोधताय? जुन्या कागदात ते एदलाबाद आहे. जिल्हा शोधताय? १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्व आणि पश्चिम. जळगाव जिल्हा म्हणून आपण आज जो ओळखतो तो त्या काळात "पूर्व खानदेश". नंदुरबार तर १९९८चा. विद्यापीठाचं जुनं परिपत्रक हवं असेल तर २०१८च्या आधी नाव नुसतं "उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ" होतं. आणि खानदेश, खान्देश ही दोन्ही रूपं आजही छापली जातात, दोन्ही टाकावी लागतात.

स्कॅन केलेल्या पुस्तकांत भर पडते ती यंत्रानं अक्षरं ओळखण्याची. घचा ध होतो, भचा म होतो, जोडाक्षराची तर माती होते. म्हणून इंटरनेट अर्काइव्हवर शोधताना मी जोडाक्षर आणि घ, भ नसलेले शब्द निवडतो. "एरंडोल" बरा, "भुसावळ"ला धोका. १८८०चा इंग्रजी खानदेश गॅझेटियर मात्र याच पद्धतीनं सरळ सापडतो, कारण इंग्रजी अक्षरं यंत्राला नीट ओळखता येतात.

अमळनेरची बाई

@बखरवाला, भारी. "भुसावळ"चा "मुसावळ" झालेला मी पाहिलाय.

भरीतपार्टी

मुसावळ जंक्शन. पुढची गाडी फलाट क्रमांक ध वर येत आहे.

टेबल क्रमांक चार

सरकारी कागद शोधणाऱ्यांसाठी. शासन निर्णयातलं वाक्य अवतरणात टाकताना "हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे" असलं टाकू नका. ते प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी असतं. त्याच्या वर "संगणक सांकेतांक" म्हणून लांबलचक आकडा असतो, तो एकाच कागदाचा असतो. तो टाका. गूगलवर मिळाला नाही तर शासनाच्या संकेतस्थळावर त्या आकड्यानं मिळतो. विभागाचं नाव आणि तारीख माहीत असेल तर साइट आणि फाइलटाइप हे दोन शब्द इंग्रजीत, पुढे कोलन आणि त्यापुढे अनुक्रमे संकेतस्थळाचा पत्ता आणि पीडीएफ, हेही जमतं. आमच्याकडे लोक येतात आणि म्हणतात, "तो जीआर होता ना, शेतरस्त्याचा." तो म्हणजे कुठला हो?

नवा गडी

एवढी झकझक कशाला? एआयला विचारा की, लेख शोधून देईल.

पाचोरेकर

विचारलं. त्यानं लेखकाचं नाव दिलं, दिवाळी अंकाचं नाव दिलं, वर्ष दिलं. दुवा उघडला तर पानच नाही. त्या नावाचा दिवाळी अंकही कोणाला माहीत नाही. वर मला "उत्तम प्रश्न" म्हणून शाबासकी.

नवा गडी

😀 मागे घेतो.

आंडोर साक्रीना

अहिराणीनं काय? "काय करी राहिना", "करी ऱ्हायना", "करी रायना", जो तो आपल्या कानानं लिहितो. "शे" कोणी "से" लिहितो. अहिराणी वाक्य अवतरणात टाकणं म्हणजे जुगार. मी तीन-तीन रूपं टाकून मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ऑर लिहितो, प्रत्येक रूप वेगळ्या अवतरणात. तेव्हा कुठे काहीतरी हाती लागतं. भाऊस्वन, एकदा बठ्ठा मिळीसन लिहानी पद्धत ठरवा.

भरीतपार्टी

ते ठरायला लागलं तर साक्री आणि चोपड्याची मारामारी होईल. आधी भरीत ठरवा. परवा कृती शोधली तर पहिल्या दहा निकालांत वांगं गॅसवर भाजून मिक्सरमध्ये फिरवलेलं. शेवटी "काड्यांवर" आणि "बडगी" हे दोन शब्द वेगवेगळ्या अवतरणात टाकले, तेव्हा आपल्याकडचं निघालं. कळण्याची भाकरी त्यातच होती.

तापीकाठची

हा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद. वाक्य नको, जो शब्द फक्त जाणकारच वापरेल तो अवतरणात टाका.

जळगावकर हिंजवडीत

आणखी थोडं, मग थांबतो.

"सुमारे अमुक लाख निकाल" हा आकडा खरा मानू नका. तो अंदाज असतो. पुढची पानं उलटत जा, लवकरच संपतात.

२०२२च्या ऑगस्टमध्ये गूगलनं स्वतःच खुलासा केला होता की अवतरणातला मजकूर कधी पानावर डोळ्यांना दिसत नाही, पानाच्या पत्त्यात किंवा चित्राच्या वर्णनात असू शकतो. विरामचिन्हांनाही कधी कधी रिकामी जागा समजलं जातं. म्हणून निकाल उघडल्यावर कंट्रोल-एफ करून वाक्य खरंच आहे का ते बघा. साठवलेली जुनी प्रत दाखवणारा दुवा गूगलनं २०२४मध्ये काढला, त्यामुळे पान बदललं असेल तर आता जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनकडे जावं लागतं. तिथे पानाचा पत्ता लागतो, वाक्य टाकून भागत नाही.

आणि पाचोरेकर, सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते आता विचारतो. हा लेख तुम्ही गूगलवरून उघडला होता का? की फेसबुकवर वाचला होता? बंद गटातलं लिखाण गूगलला दिसत नाही. ते त्या यादीतच नसतं.

पाचोरेकर

मुलीनं तिच्या फोनवर दाखवला होता. ती ठाण्याला असते. विचारतो.

पहिली धार

आता कळेल. लॉगिन केल्याशिवाय दिसत नाही ते सगळं यातच मोडतं. व्हॉट्सअपही.

पाचोरेकर

सापडला! पीजेच्या जुन्या प्रवाशांचा एक गट आहे फेसबुकवर, बंद. मुलगी त्यात आहे. तिनं गटाच्या आतल्या शोधात बाईंनी सुचवलेला "चहाला उतरायचा" एवढाच तुकडा टाकला आणि लगेच आला. "ड्रायव्हर सुद्धा" सुटंच लिहिलेलं आहे. लिहिणारे वरखेडीचे निवृत्त गुरुजी निघाले. खाली प्रतिक्रियांत कोणी भागदरा स्टेशनचं लिहिलंय, कोणी तिकिटाचे फोटो टाकलेत. लेखापेक्षा त्याच मजेशीर आहेत.

गूगलवरचा माझा राग मात्र कायम आहे. "हे माझ्या आवाक्यात नाही" असं स्पष्ट सांगायला काय जातं? भरतीच्या जाहिराती कशाला?

तापीकाठची

अभिनंदन भाऊ. स्मरणिकेत घेण्याआधी गुरुजींची परवानगी घ्या. प्रतिक्रिया घेणार असाल तर त्या लोकांचीही.

पाचोरेकर

गुरुजींना मुलीनं निरोप टाकलाय. "छापा, पण चहावाल्याचं नाव राहिलंय ते घालून देतो" म्हणाले.

बखरवाला

स्मरणिकेची पीडीएफ इंटरनेटवर चढवणार ना? मग युनिकोडमध्ये करा. चित्र करून टाकू नका.

पाचोरेकर

छपाई धुळ्यालाच करायची ठरलीये. @छापखाना धुळे, तुमच्याकडे युनिकोडमध्ये होईल का?

छापखाना धुळे

होईल. पण ऑपरेटरचा हात श्रीलिपीवर बसलाय, पानामागे दहा रुपये जास्त पडतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.